सत्कार नको, वजनकाटा आणा

सर दिसायला कसे होते ते मला विचारू नका. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. तशी मी कोणालाच पाहिलेलं नाही म्हणा. जन्मापासून माझ्या डोळ्यांना उजेड आणि काळोख एवढंच कळतं, त्यापुढच्या तपशिलात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही. वर्गातल्या पोरींना विचारलं तर एक म्हणायची सर उंच आहेत, दुसरी म्हणायची कसले उंच, वाकलेत ते. केस आहेत की टक्कल, यावर तर एकदा भांडण झालं, कारण सरांच्या डोक्यावरची टोपी कोणी उतरलेली बघितली नव्हती.

मला विचाराल तर सर म्हणजे चपलांचा आवाज. उजवी फट् आणि डावी फटक्. सर म्हणजे काथ्याचा आणि खोबरेल तेलाचा वास. त्यांच्या खांद्यावर कायम दोरीचं वेटोळं असायचं, वर्गात शिकवतानासुद्धा. ते अर्थशास्त्र शिकवायचे. जिमखाना दुसऱ्या कोणाला नको होता म्हणून त्यांच्या गळ्यात पडला, आणि गळ्यात पडलेली गोष्ट ते आयुष्यभर खांद्यावर घेऊन फिरले. मागणी आणि पुरवठा शिकवताना त्यांच्या तोंडी बांगडे, मक्तेदारी शिकवताना बर्फाचा कारखाना. पण सकाळचे दहा वाजले की कुठलाही सिद्धांत अर्ध्यावर थांबायचा. डबा उघडल्याचा आवाज यायचा, मग पेजेचा वास, मग खारातल्या कैरीचा. प्राचार्य दारात उभे असले तरी सर म्हणायचे, "वायच थांबा. धा वाजले." आणि प्राचार्य थांबायचे. मी ऐकलंय.

कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. कोणी कितीही पराक्रम गाजवो, सरांच्या तोंडून "चलात", म्हणजे चालेल, याच्यापुढे शब्द निघायचा नाही. हा शब्द मिळावा म्हणून पोरी मरमर मरायच्या. शिव्या मात्र सढळ हाताने, आणि सगळ्या मालवणीत. प्रमाण मराठी ते फक्त दोन वेळा बोलायचे, परीक्षेचे पेपर वाटताना आणि खरोखर संतापल्यावर.

आता माझं सांगते, म्हणजे सरांचं कळेल.

आमचं गाव आत, डोंगराकडे. भाताचे चार कोपरे, काजूची झाडं, बस्स. तिथून एसटीने सव्वा तास, की मालवणचं समुद्रालगतचं कॉलेज. पहिले सहा महिने मला कॉलेजात कोणी एक वाईट शब्द बोललं नाही. आणि तेच नको झालं होतं हो! सगळे भयंकर चांगले. "तू बस गो, आम्ही आणतो." "तू राहू दे, तुला जमायचं नाही." स्नेहसंमेलनात सगळ्या पोरी खुर्च्या लावत होत्या, मंडप बांधत होत्या, एकमेकींवर खेकसत होत्या, आणि मला पहिल्या रांगेत बसवून हातात लिंबू सरबत दिलं होतं. क्रीडादिनाला तेच, फक्त सरबत कोकमाचं. मी एक दिवस मुद्दाम आले नाही. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलंसुद्धा नाही. का विचारतील? माझ्यावाचून कशाचं काय अडलं होतं? घरी आल्यावर आईला म्हटलं, "मी गेले काय न गेले काय, कॉलेजाला काही फरक पडत नाही." आई म्हणाली, "असा बोला नये." पण ते खोटं आहे असं ती म्हणाली नाही. मला जायचंच होतं तिथे, पण पाहुणी म्हणून नाही. आपण नसलो तर लोकांची पंचाईत व्हावी, अशी एखादी जागा हवी होती. सरबताचा मला वीट आला होता.

सरांची नि माझी गाठ पडली ती सहीसाठी. शारीरिक शिक्षणातून सूट मिळावी असा अर्ज ऑफिसातल्या लोकांनीच माझ्यासाठी भरला होता, फक्त जिमखान्याच्या सरांची सही हवी होती. मी काठी टेकत टेकत गेले तर नेमके दहा वाजलेले.

"सई पेजेनंतर," सर म्हणाले. "बस. वजन किती तुझा?"

मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. सहा महिन्यांत मला लोकांनी खूप काही विचारलं होतं, जन्मापासून असं आहे का, औषध केलं का, अमुक देवाला जाऊन आलात का. वजन कोणी विचारलं नव्हतं.

"बासष्ट," मी म्हटलं.

"खरा सांग."

"अडुसष्ट."

चमचा डब्यावर आपटला. "आवशीक खाव! अडुसष्ट? आणि इतके दिवस खंय होतंस गो तू? हात बघू." त्यांनी माझा तळहात ओढला आणि ज्योतिष्यासारखा दाबून बघितला. "ह्यो हात पुस्तकातलो नाय. काय करतंस घराकडे?"

"पाणी काढते. रहाट नाही, हातानेच दोरी ओढते."

"कितके कळशे?"

"वीस-पंचवीस."

"चलात," सर म्हणाले. मला तेव्हा त्या शब्दाची किंमत माहीत नव्हती. त्यांनी माझा अर्ज घेतला, पेजेच्या डब्याखाली ठेवला, आणि माझ्या हातात दोरीचं टोक दिलं. अर्जावर सही त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. असा झाला माझा मुलींच्या रस्सीखेच संघात प्रवेश. राखीव म्हणून, पण झाला.

रस्सीखेच म्हणजे दोरीच्या दोन बाजूंना आठ-आठ जणी, आठ जणींचं मिळून वजन ठरलेलं, आणि समोरच्यांना आपल्याकडे ओढून आणायचं. बाकीच्या कॉलेजांत सराव मैदानावर चालायचा. आमचे सर आम्हाला रविवारी सकाळी समुद्रावर न्यायचे, रापणीला. समुद्रात होडीने मोठं जाळं अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं तासन् तास ओढत असतात, ती रापण. "मैदानार समोर आठ चेडवा असतत," सर सांगायचे. चेडवा म्हणजे पोरी. "हय समोर दर्या आसा. दर्याक वडलास तर चेडवांचा काय घेऊन बसलास!"

रापणीत ओढण्याची एक रीत आहे. दोरी धरून मागे मागे चालायचं. शेवटचा माणूस वाळूत पार वर पोचला की त्याने दोरी सोडायची, पळत पाण्याकडे जायचं आणि सगळ्यात पुढे पुन्हा धरायची. मग त्याच्या पुढे असलेला शेवटचा होतो, तोही तेच करतो. असं चक्र चालू राहतं. पोरींना ते छान जमलं. मी पहिल्या दिवशी दोरी सोडून पुढे पळाले ती सरळ लाटेत. नाकातोंडात पाणी, ओढणी एकीकडे, काठी भलतीकडे. सगळे "अगो बाय, अगो बाय" करत धावले, आणि मला वाटलं, संपलं, आता येणार सरबत.

रापणीचा तांडेल म्हणजे सगळ्या ओढणाऱ्यांचा म्होरक्या, एक म्हातारा होता. तो लांबून ओरडला, "मास्तर, तेका पळव नको! शेवटाक उभा कर. येता ती दोरी वडूंदेत नि गुंडाळूंदेत."

सरांनी मला शेवटाला नेऊन उभं केलं. "हयसून हलाचा नाय," म्हणाले. "सगळी जातली येतली. तू रव." मी राहिले. तास-दीड तास सगळे माझ्या पुढून पळत होते आणि मी एका जागी टाचा रोवून ओढत होते, वेटोळं घालत होते. हळूहळू गंमत कळायला लागली. दोरीतून सगळं समजतं हो! कोण नुसतंच धरून चाललंय, कोण मनापासून ओढतंय, कोणाचा दम गेलाय, लाट जाळ्याला कधी मागे खेचते, कधी सैल सोडते. माझ्या दोन हातांत सबंध रांग येत होती.

जाळं वर आलं. मासळीचा फडफडाट मी इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकला. रापणीचा कायदा असा, की दोरीला हात लावला त्याला वाटा. गावचा असो, परका असो, मोठा असो, पोर असो. तांडेलाने वाटे घातले आणि माझ्या पिशवीत दोन्ही ओंजळी भरून तारल्या टाकल्या. मी सवयीने म्हटलं, "राहू द्या हो काका, मला कशाला?"

म्हातारा भडकलाच. "कशाक म्हंजे? मी काय धर्म करतंय? वडलंस मां तू?"

त्या दिवशी एसटीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, एवढा वास. कंडक्टर म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी डबा आणा." मी खूश! आई दारातच म्हणाली, "कोणी दिले?" मी म्हटलं, "कोणी दिले नाहीत. माझा वाटा आहे." तिने त्या कुळथाच्या पिठीबरोबर तळल्या आणि जेवताना दोनदा पदराला नाक पुसलं. मसाला जास्त झाला म्हणाली.

मग आलं बांद्याचं प्रकरण.

बांद्याला एका मंडळाने सामने ठेवले होते. महामार्गालगत मैदान, ट्रकांची घरघर, ही गर्दी. मी राखीव, म्हणजे पिशव्यांच्या ढिगावर बसलेली. संघाच्या शेवटाला होती जुई, रापणकरांच्याच घरातली, दंडाला हात लावला तर दगड लागावा अशी. शिट्टी झाली आणि आमच्या पोरींनी समोरच्यांना असं काही खेचलं की मी बसल्या जागी उड्या मारायला लागले. सरसर मागे येत होत्या! जिंकणार, जिंकणार, आणि अचानक सगळं मैदान खदाखदा हसायला लागलं.

झालं काय, की मागे मागे येता येता जुईला वाटलं आपण पार वर पोचलो. हाताला सवय. तिने दोरी सोडली आणि पळत जाऊन सगळ्यात पुढे धरली! थेट रेषेच्या पलीकडे, समोरच्या संघातल्या पहिल्या मुलीच्या नाकाला नाक. पंच शिट्टी फुंकायचंसुद्धा विसरले.

दुसऱ्या खेचीला जुईने दात आवळून दोरी धरून ठेवली. पण तिच्या पुढची सातवी जी होती ना, तिला वाटलं जुई गेली असणार, आता आपली पाळी. ती पळाली! दोन शून्य. बाहेर एक जण मासळीवरून चिडवत ओरडला, "मालवणची चेडवा दोरी वडूक इली काय म्हावरा न्हेवक?"

परतीच्या टेम्पोत बसलो. जुई मुसमुसत होती. सरांनी आपल्याच कपाळावर फाडकन हात मारला. "चूक माझी. तुमका वडूक शिकयलंय, पण रवाक शिकवक नाय. शेवटाक असा कोण तरी होया, ज्येका सोडून पळाचा ठाऊकच नाय."

टेम्पो खड्ड्यात आपटला. जुईने नाक ओढलं आणि म्हणाली, "मगे हिका घेवा ना. ही खंय जाता?"

आधी मी हसले, मग सगळ्या हसल्या, आणि मग कळलं की जुई चेष्टा करत नव्हती. आपली जागा तिने स्वतःहून मला दिली आणि ती सातवी झाली. कणव म्हणून नाही, जिंकायचं होतं म्हणून. मला आयुष्यात कोणी इतकं छान काही दिलेलं नाही.

ओरोसला जिल्ह्यातल्या कॉलेजांचे सामने होते. तीन महिने आम्ही मान मोडून सराव केला. शेवटच्या खेळाडूला दोरी काखेतून घेऊन पाठीवरून खांद्यावर फिरवावी लागते. माझ्या खांद्याची सालटी निघाली. सर खोबरेल लावायला द्यायचे आणि वर ऐकवायचे, "पुढल्या सात जणी समोरच्यांका बघून घाबरतल्यो. तुका घाबरूक कायच दिसाचा नाय. हाक तूच देवची." म्हणजे संघाने कधी दम धरायचा आणि कधी जोर लावायचा, ते मी सांगायचं. दोरी ज्याला कळते त्याने बोलायचं, एवढा साधा हिशेब.

ओरोसला पोचलो. नावं नोंदवायच्या टेबलाशी गेलो आणि तिथल्या गृहस्थांचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊपणा मी शंभर आवाजांतून ओळखते. "ही मुलगी... हिला दिसत नाही का? अरेरे. मग हिला कसं खेळू द्यायचं? काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

इतकं करून शेवटी पुन्हा खुर्चीच!

सर बोलले, आणि चक्क प्रमाण मराठीत बोलले. आमच्या सातही पोरी दोन पावलं मागे सरकल्या. "नियमात काय लिहिलं आहे? प्रत्येक संघात आठ खेळाडू. दोन्ही हातांनी दोरी धरायची. एकूण वजन मर्यादेत हवं. यात डोळ्यांचा उल्लेख कुठे आहे, तो मला दाखवा."

"तसं नाही हो सर. आम्हाला कौतुकच आहे. आपण असं करू, उद्घाटनाला हिला स्टेजवर बोलावू, शाल-श्रीफळ देऊ, छान सत्कार करू."

"सत्कार नको," सर म्हणाले. "वजनकाटा आणा."

"आणि राखीव मुलगी खेळवा की. राखीव कोण आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"राखीव कोणीच नाही. आठच नावं दिली आहेत. हिला काढलंत तर सात उरतात, आणि सात जणींचा संघ होत नाही. मग आम्ही घरी जातो, आणि का गेलो ते तुम्ही तुमच्या कागदावर लिहून द्या."

मला हे माहीत नव्हतं. जुईला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. राखीव मुली दोन-तीन तयार होत्या आमच्याकडे, चांगल्या दणकट. सरांनी एकीचंही नाव दिलं नव्हतं. मला बाजूला सारायचा सोपा रस्ता ह्या माणसाने स्वतःच्या हाताने आधीच बुजवून टाकला होता, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

टेबलामागे कुजबुज झाली. कागद उलटे-सुलटे झाले. मग लोखंडी काटा फरशीवरून घासत आणल्याचा आवाज आला. त्याच्याइतकं गोड संगीत मी ऐकलेलं नाही.

अंतिम सामन्यापर्यंत आम्ही कशा पोचलो ते सांगत बसत नाही. पोचलो. पहिली खेच हरलो, कारण मी घाईने हाक दिली. दुसरी जिंकलो. तिसऱ्या खेचीला दोन्ही बाजू अशा अडून बसल्या की दोरी इकडची तिकडे हलेना. माझ्या टाचा मातीत रुतल्या होत्या. गर्दी ओरडत होती, कोणी आमच्या नावाने, कोणी त्यांच्या. मी काही ऐकत नव्हते, मी दोरी ऐकत होते. पुढे जुईचा श्वास, तिच्या पुढे आणखी सहा, आणि त्यांच्याही पलीकडे त्या आठ जणी. आमच्यातली तिसरी कण्हली, "आता होणा नाय गो..." मी म्हटलं, "रव. रव. सोडू नको." आणि मग दोरीतून बारीकशी थरथर आली. तिकडची कोणीतरी हात बदलत होती. एवढ्याशा क्षणासाठी त्यांच्या आठच्या सात झाल्या होत्या.

"वडा!" मी अशी ओरडले की दुसऱ्या दिवशी माझा आवाज फुटत नव्हता.

दोरी हलली. एक पाऊल. दुसरं. मग धबाधब मागे, मागे, मागे, आणि मी पाठीवर पडले. माझ्या अंगावर जुई पडली, जुईवर आणखी कोणकोण. कोणी केस ओढत होतं, कोणी पाठीत गुद्दे घालत होतं, एकीचं कोपर माझ्या दाताला लागलं. कोणी "सांभाळून, तिला लागेल" म्हणालं नाही. जिंकलो होतो हो आम्ही!

बक्षीस द्यायच्या वेळी निवेदकाचा आवाजही मऊ झाला. "मित्रहो, आता एक हृदयस्पर्शी गोष्ट. या विजेत्या संघात एक अंध..." आणि माईक बंद पडला. खट्. जुईने मला कानात सांगितलं, सर स्टेजमागे होते आणि त्यांच्या हातात वायर होती. वीज गेली की काय म्हणून मंडळी धावपळ करायला लागली, तेवढ्यात सरांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला, बिनमाईकचा. "आठ जणी जिंकल्यो! आठांचीय नावा घेवा, नि ढाल देवा. एसटी चुकतली आमची!"

ढाल आठ जणींनी मिळून उचलली. सरांनी माझ्याजवळ येऊन दोरी ताब्यात घेतली, टोकापासून टोकापर्यंत हात फिरवून तपासली आणि वेटोळं करून खांद्यावर टाकलं. मला "चलात"सुद्धा म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू? वाईट वाटलं थोडं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी साडेसहाचा सराव होता. रविवारी रात्रभर मला आनंदाने झोप लागली नाही आणि पहाटे नेमका डोळा लागला. पहिली एसटी गेली. दुसरीने पोचेपर्यंत सव्वासात. मला वाटलं, चालू केलं असेल यांनी, आपण आपलं गुपचूप जाऊन उभं राहावं. मैदानाच्या फाटकातून आत शिरले तर एकदम शांतता. दोरीचा आवाज नाही, पायांचा नाही. म्हटलं, आज सुट्टी दिली की काय?

"इलंस?" समोरून सर गरजले. "शिरा पडो तुझ्या तोंडार! ढाल काय गावली, बायमाणूस राणी झाला! पाऊण तास सात जणी हय खांबासारख्यो उभ्यो आसत. कोणी दोरयेक हात लावक नाय. तुका काय वाटला, तुझ्याबगर आमचा चलतला? मैदानाक पाच फेरे! धर जुईचो हात आणि पळ!"

"सगळा अडला हिच्यापायी," मागून कोणीतरी करवादलं. "माझो पयलो तास गेलो."

"माझोय," दुसरी म्हणाली. "आणि वर हसता बघा कशी!"

मी काठी गवतात टाकली, जुईचा हात धरला आणि पळत सुटले. हसू काही केल्या आवरत नव्हतं.